म्हशींच्या देवी : गोठ्यातून हातावर येणारा रोग

(इयत्ता चौथी व पाचवीच्या आरोग्यविषयक पाठांसाठी शिक्षकांस पूरक वाचन)

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे भीमेच्या उत्तरेकडील मोठे गाव. ज्या म्हशीस पंढरपूरचेच नाव मिळाले आहे, तिचा हा टापू होय. खांद्याच्या मागेपर्यंत तलवारीसारखी वळत गेलेली लांब शिंगे, चपळ अंग आणि बेताच्या वैरणीवरही दूध देण्याचा गुण यांमुळे पंढरपुरी म्हैस सोलापूर, सांगली, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. कोल्हापूर शहरात ग्राहकासमोर म्हैस उभी करून धारोष्ण दूध देण्याचा जो दूधकट्ट्यांचा प्रघात पडला, त्यातही याच म्हशी दिसतात. अशा टापूतील शाळेत येणाऱ्या कित्येक मुलामुलींचा दिवस पुस्तकाने सुरू होत नाही, गोठ्यात सुरू होतो. पारडू सोडणे, पान्हा फुटताच ते ओढून बांधणे, आईच्या हाताखाली एकदोन सड पिळणे ही कामे आठदहा वर्षांच्या मुलास सहज साधतात. मूल वर्गात येऊन बसते तेव्हा सकाळच्या धारेला दोनतीन तासही झालेले नसतात.

हा संबंध शिक्षकास ठाऊक असतो. परंतु त्याचा आरोग्याशी असलेला धागा बहुधा त्याच्या लक्षात येत नाही. म्हशीच्या कासेवर व सडांवर कधी कधी बारीक पुरळ उठते, त्याचे फोड होतात, फोडांवर खपल्या धरतात. म्हैस धारेला उभी राहत नाही, लाथ झाडते. घरचे लोक लोणी किंवा हळद लावतात आणि धार काढणे चालू ठेवतात, कारण ती थांबविणे शक्यच नसते. आठवड्याभरात धार काढणाऱ्याच्या बोटांवर, तळहातावर, मनगटावर तसेच फोड दिसू लागतात. अंगात कसर येते, हात ठणकतो, काखेत अवधाण धरते. हा योगायोग नव्हे. म्हशीचा व माणसाचा रोग एकच असतो. पशुवैद्यकशास्त्रात त्यास म्हशींच्या देवी असे म्हणतात.

२००९ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत पंढरपूर तालुक्यातीलच कासेगावी या रोगाची साथ आली. त्याच सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावांतही तसेच रोगी आढळले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी दोन्ही जिल्ह्यांत जाऊन पाहणी केली. माणसांच्या हातांवरील फोडांतील द्रव व खपल्या, तसेच म्हशींच्या खपल्या त्यांनी तपासणीसाठी नेल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली देवीच्या कुळातील विषाणूंचे आकार स्पष्ट दिसले आणि पुढील तपासणीत म्हशींच्या देवीचा विषाणू निश्चित झाला. म्हशींच्या सडांवर व कासेवर, शिवाय कानांवर आणि पापण्यांवरही व्रण होते. माणसांत ते मुख्यत्वे हातांवर होते, काहींच्या शरीराच्या अन्य भागांवरही होते. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीनशेंहून अधिक माणसांची नोंद झाली. यावरून हा रोग एखाद्या गोठ्यातील किरकोळ तक्रार नव्हे, हे ध्यानी येईल.

तथापि हा रोग त्या वर्षी प्रथमच उत्पन्न झाला असे समजू नये. त्याचे शास्त्रीय वर्णन १९३४ साली लाहोर येथे झाले. पुढे हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांत आणि ईजिप्त, इंडोनेशिया यांसारख्या म्हशी पाळणाऱ्या देशांतही तो आढळला. महाराष्ट्रात १९८५ ते १९८७ या वर्षांत त्याच्या साथी होऊन गेल्या. २००९ मध्ये तो सोलापूर व कोल्हापूर भागांत दिसला आणि २०१८ च्या अखेरीस धुळे जिल्ह्यात जनावरांत व धार काढणाऱ्या माणसांत पुन्हा आढळला. मधली वर्षे त्याचे नावही कोणी काढीत नाही. रोग गेला असे लोक समजतात, आणि तो अकस्मात परत येतो. अशा परतण्यास शास्त्रज्ञ रोगाचे पुनरागमन म्हणतात. ‘परतणे’ हा शब्द मात्र माणसाच्या बाजूने वापरलेला आहे. माणसांत दिसत नाही त्या काळात विषाणू नष्ट झालेला नसतो. तो जनावरांत कोठे तरी टिकून असतो. रानातील उंदीरवर्गीय प्राणी त्यास आसरा देत असावेत, असाही तर्क केला जातो.

आता या विषाणूच्या कुळाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण रोगाची खरी कथा तेथे आहे आणि ती मुलांना सांगण्याजोगीही आहे.

माणसाच्या देवीचा विषाणू, गाईच्या देवीचा विषाणू, आफ्रिकेतील माकडांच्या नावाने ओळखला जाणारा एम्‌पॉक्सचा विषाणू आणि म्हशींच्या देवीचा विषाणू ही सारी एका कुळातील भावंडे होत. यांपैकी माणसाची देवी अत्यंत घातक होती. तिने माणसे मारली, डोळे घालविले, चेहरे विद्रूप केले. तिची एक दुर्बल बाजू मात्र होती. ती माणसावाचून अन्य कोणत्याही प्राण्यात राहू शकत नसे. म्हणूनच तिचे निर्मूलन शक्य झाले. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने पृथ्वीवरून देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा केली. एका रोगाचा मनुष्यजातीने पूर्ण बीमोड केल्याचे हे पहिलेच उदाहरण. म्हशींच्या देवीचे तसे करता येणार नाही. कारण तिचे घर माणसात नाही, जनावरात आहे.

देवीचा बीमोड झाला तो लसीने, आणि ती लसही गोठ्यातूनच आली. इंग्लंडमधील डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरील गाईच्या देवीच्या फोडातील द्रव घेऊन तो आठ वर्षांच्या जेम्स फिप्स या मुलाच्या हातात टोचला. पुढे त्या मुलास माणसाच्या देवीची बाधा झाली नाही. लॅटिन भाषेत गाईस ‘वाक्का’ म्हणतात. त्यावरूनच ‘व्हॅक्सिन’ हा शब्द निघाला. (पाठ्यपुस्तकांत ही कथा मोठ्या कौतुकाने येते. जेन्नर यांनी त्या मुलास नंतर मुद्दाम खऱ्या देवीचे द्रव्य टोचून पाहिले होते, हा भाग गाळला जातो. असा प्रयोग आज कोणीही करू देणार नाही, हे वरच्या वर्गातील मुलांना सांगण्यास हरकत नाही.)

हिंदुस्थानात ही लस बगदाद व बसरामार्गे मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली आणि तिच्या हातावरील फोडातून पुढे इतरांना लस देण्यात आली. आरंभी लस अशी एका हातातून दुसऱ्या हाती जात असे. नंतर ती वासरांच्या, आणि आपल्या देशात विशेषतः रेडकांच्या, कातडीवर तयार करण्याची पद्धत रूढ झाली. रेडकाच्या अंगावरचे केस काढून, कातडीस बारीक ओरखडे देऊन त्यावर लसीचा विषाणू चोळीत. काही दिवसांनी तेथे उठणाऱ्या फोडांतील द्रव्य गोळा करून त्याची लस बनवीत. बेळगावच्या टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव अद्याप त्या काळाची आठवण देते. गावोगाव फिरणाऱ्या टोचणाऱ्यास लोक ‘देवीडॉक्टर’ म्हणत. तो आल्याची बातमी लागताच मुले कणगीमागे लपत, हे वृद्ध माणसे आजही सांगतात.

म्हशींच्या देवीचा विषाणू तपासला असता तो या लसीच्या विषाणूचा अगदी निकटचा नातेवाईक ठरतो. इतका निकटचा, की तो त्याचाच एक प्रकार मानला जातो. यावरून अनेक शास्त्रज्ञांचा असा तर्क आहे, की लस टोचलेल्या माणसांच्या हातांवरून किंवा लसीसाठी वापरलेल्या जनावरांवरून तो विषाणू केव्हा तरी म्हशींच्या कळपात उतरला आणि तेथेच रमला. हा तर्क खरा असल्यास कथा विलक्षण आहे. गवळणीच्या हातावरून औषध म्हणून निघालेला विषाणू दोन शतकांचा फेरा करून धार काढणाऱ्याच्या हातावर रोग म्हणून परत येत आहे. असाच प्रकार ब्राझील देशात गाईंच्या बाबतीत घडला. तेथेही १९९९ पासून लसीच्या विषाणूशी जवळचे नाते असलेला विषाणू दुभत्या गाईंच्या सडांवर व गवळ्यांच्या हातांवर आढळत आला आहे.

तर मग मधल्या काळात माणसांत हा रोग इतका विरळा का होता, आणि आता तरुण माणसांना तो का सहज धरतो? त्याचे मुख्य कारण पुन्हा लसच आहे. देवीची लस टोचलेल्या माणसास माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळेच, पण कुळातील अन्य विषाणूंपासूनही पुष्कळ अंशी मिळे. रोगाचे उच्चाटन झाल्यावर लस टोचणे बंद झाले, आणि ते योग्यच झाले. नसलेल्या रोगासाठी लक्षावधी मुलांना लसीचा त्रास देण्यात अर्थ नव्हता. परंतु त्यामुळे १९८० नंतर जन्मलेल्या माणसांजवळ ते संरक्षण उरले नाही. २००९ मध्ये ही माणसे तिशीच्या आतील होती. त्यांत धार काढणारे ऐन उमेदीचे लोक आले. आज शाळेतील सर्व मुले, त्यांचे बहुतेक आईबाप आणि बहुसंख्य शिक्षकही याच वर्गात मोडतात. एम्‌पॉक्सच्या बाबतीतही हेच घडले. १९७० साली कांगो देशात माणसात प्रथम ओळखला गेलेला तो रोग दीर्घकाळ आफ्रिकेच्या काही भागांपुरता राहिला; २०२२ मध्ये तो जगभर पसरला आणि त्याच वर्षीच्या जुलैत भारतातील पहिला रोगी केरळात आढळला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुलांच्या डाव्या दंडावर लसीचा वण असतो. तो पाहून ‘याला देवी काढलेल्या आहेत’ असे घरचे लोक म्हणतात. तो वण क्षयरोगाच्या बी. सी. जी. लसीचा असतो. त्याचा देवीशी काहीही संबंध नाही. देवी काढल्याचे वण साठीच्या आसपासच्या व त्यावरच्या माणसांच्या हातांवर पाहावयास मिळतात. वर्गातील मुलांना आजी-आजोबांचे दंड व मनगटे पाहून येण्यास सांगावे. इतिहासाचा असा पुरावा घरोघर आहे आणि तो आता थोडीच वर्षे उपलब्ध राहणार आहे.

रोगाची ओळख कशी पटवावी? निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पाहणे व कळविणे हे आहे. प्रथम बोटांवर किंवा हाताच्या पाठीवर तांबडा, कठीण उंचवटा येतो. त्याचा फोड होतो आणि फोडाच्या मध्यभागी बेंबीसारखी खोलगट खूण दिसते. भोवतालची कातडी सुजते, दुखते. पुढे फोडावर काळसर जाड खपली बसते आणि दोनतीन आठवड्यांनी ती पडते. ज्या हाताने धार काढली, त्या हातावर फोड अधिक असतात. ताप बेताचा असतो. फोड खाजवून तोच हात डोळ्यास किंवा तोंडास लावल्यास तेथेही फोड उठू शकतात आणि डोळ्याचा फोड केव्हाही हलका मानू नये.

कांजिण्यांत पुरळ छातीपोटावर प्रथम व दाट येते, निरनिराळ्या अवस्थांतील फोड एकाच वेळी दिसतात आणि गोठ्याशी संबंध नसलेल्या मुलांनाही ते होतात. गोवरात फोड नसून तांबडे पुरळ असते, डोळे व नाक वाहतात. खरूज बोटांच्या बेचक्यांत असते व रात्री फार खाजते. गाईबैलांच्या अंगावर गाठी आणणारा लंपी हा रोगही आता सर्वांस परिचित आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्याने फार हानी केली. तो माणसास होत नाही. लंपीच्या दिवसांत लोक दूध ओतून देत होते, त्यास कसलाही आधार नव्हता. उलट म्हशींच्या देवी माणसास होतात. पण नाव ठाऊक नसल्यामुळे त्यांची कोणी दखल घेत नाही. भीती एका रोगाची धरावी आणि लागण दुसऱ्याची व्हावी, असा हा प्रकार आहे.

रोग पसरतो तो मुख्यत्वे स्पर्शाने. फोडातील द्रव व पडलेली खपली यांत विषाणू असतो आणि वाळलेल्या खपलीत तो पुष्कळ दिवस जिवंत राहू शकतो. हातावर कोठे खरचटलेले असले, विळ्याने कापलेले असले, थंडीने भेगा पडलेल्या असल्या, की त्यास वाट मिळते. एका म्हशीचे सड पिळून तेच हात न धुता दुसरीस लावले, की रोग दावणभर फिरतो. नव्या म्हशीबरोबरही तो येतो. कार्तिकी वारीस पंढरपुरात जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथून आणलेली म्हैस त्याच संध्याकाळी जुन्या दावणीस बांधण्याची पद्धत सर्वत्र आहे; दोनतीन आठवडे वेगळे बांधून तिचे सड पाहिले तर पुष्कळ त्रास टळेल.

माणसाकडून माणसास हा रोग सहसा लागत नाही, पण लागतच नाही असे नाही. २००४-०५ साली कराचीतील पाच रुग्णालयांत भाजलेल्या रोग्यांच्या विभागात हीच साथ पसरली. भाजलेल्या जखमांवर म्हशीची चरबी लावण्याचा प्रकार तिच्या मुळाशी असावा, असा संशय व्यक्त झाला. उघड्या जखमेवर गोठ्यातील कोणताही पदार्थ लावू नये, या नियमास याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

या रोगाने माणूस दगावत नाही. मग त्याची एवढी चर्चा कशास, असा प्रश्न कोणी करील. ज्या घराची चूल दुधाच्या पगारावर चालते, त्या घरात धार काढणारे दोन्ही हात पंधरा दिवस निकामी होणे म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्या शिक्षकास वेगळे सांगावे लागणार नाही. म्हशीचे दूध आटते. फोडांत पू होऊन कासेस दगडी झाली, तर एखादा सड कायमचा जातो आणि पुढच्या वेतासही तिची किंमत येत नाही. आई आजारी पडली की धार मुलीकडे येते, आणि मग तिचे हात. शाळेच्या हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे पडणाऱ्या ओळीने गैरहजेऱ्यांचे कारण पुष्कळदा असे गोठ्यात असते.

यासाठीच शिक्षकाचे स्थान महत्त्वाचे आहे. बाई हात दाखविण्यास डॉक्टरकडे जाते, तेव्हा तिची म्हैस बरोबर नसते. डॉक्टर मलम देतात. पशुवैद्य गोठ्यात येतात, तेव्हा ते सड पाहतात. घरच्या माणसांचे हात पाहण्याचे त्यांना कारण नसते. एकाच रोगाचे दोन तुकडे दोन दप्तरांत पडतात आणि दोन्हींत ते किरकोळ दिसतात. शिक्षकास मात्र मूलही ठाऊक असते आणि त्याच्या घरची म्हैसही. मुलाच्या बोटावर फोड दिसताच “घरी म्हशीच्या सडाला काही झाले आहे का रे?” एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र व पशुवैद्यकीय दवाखाना या दोहोंनाही कळवावे आणि एकाला कळविल्याचे दुसऱ्यास आवर्जून सांगावे. दोन घरांतून असे उत्तर आल्यास विलंब लावू नये. कासेगाव व कोल्हापूर भागांतील रोग प्रयोगशाळेत सिद्ध होऊ शकला, तो माणसांच्या व म्हशींच्या खपल्या एकत्र तपासल्या गेल्या म्हणूनच.

उपचाराबाबत शिक्षकाने पालकांस फार थोडे सांगावे, पण ते ठामपणे सांगावे. या विषाणूवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. फोडांत पू झाला तर त्यासाठी डॉक्टर ती देतात. तेव्हा दुकानातून सुई किंवा गोळ्या आणून घेऊ नयेत. फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने झाकावेत. आजारी म्हशीची धार शेवटी काढावी, आणि ज्याच्या हातावर जखम नाही अशाच प्रौढ माणसाने काढावी. धारेपूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत. सड धुण्यासाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी पाणी वापरावे. गळून पडलेल्या खपल्या झाडून उकिरड्यावर टाकू नयेत, जाळाव्यात. टॉवेल वेगळा ठेवावा. पारडू आजारी म्हशीस लुचत असेल, तर त्याच्या तोंडावर व नाकावरही फोड येतात; त्यास हाताळणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुधाचा प्रश्न नाजूक आहे. चांगले उकळलेले दूध पिण्यास भय नाही. कच्चे दूध पिऊ नये, हे या रोगापुरतेच नव्हे, तर एरव्हीही खरे आहे. परंतु शिक्षकाने वर्गात ‘अमक्याच्या घरच्या म्हशीला रोग आहे’ असे शब्द कधीही उच्चारू नयेत. ते वाक्य दुपारच्या सुटीत मुलांबरोबर घरोघर जाते आणि संध्याकाळी त्या घरचे रतीब बंद होतात. पुढच्या वेळी ते घरच काय, सारी गल्ली फोड लपवील; आणि लपविलेला रोग कोणाच्याही नोंदीत येत नाही. ज्या मुलाच्या हातावर फोड आहेत, त्यास एकट्यास बाजूला बोलवावे.

नावानेही घोटाळा होतो. ‘देवी’ हा शब्द कानी पडताच घरातील वडीलधारी माणसे देवीचा कोप, तिचे येणे व तिची पाठवणी या जुन्या भाषेत विचार करू लागतात. लिंबाचा पाला दाराशी लागतो, औषध बंद होते. या श्रद्धेशी वाद घालण्याचे स्थळ शाळा नव्हे आणि त्यातून साधतही काही नाही. “आजी, लिंब राहू दे, पण हात साबणाने धुवू दे आणि डॉक्टरांना दाखवू दे,” असे म्हटल्याने बहुतेक घरांत काम होते. अनेक पिढ्यांनी ज्या रोगापुढे हात टेकले, त्या रोगाची ती भाषा आहे. तिची थट्टा करू नये.

आता प्रत्यक्ष पाठाविषयी. विषाणूची व्याख्या फळ्यावर लिहून पाठास आरंभ करू नये. “धार काढण्याआधी कास का धुतात?” असे विचारावे. “शेण लागलेले असते म्हणून,” “पान्हा फुटतो म्हणून,” अशी उत्तरे मुलेच देतील आणि दोन्ही बरोबर आहेत. मग एखादी रिकामी चरवी आणावी. तिच्या काठास रंगीत खडूची भुकटी मुलांच्या नकळत लावावी. पाचसहा मुलांनी ती हातोहात एकमेकांकडे द्यावी, नेहमीप्रमाणे आपल्या जागी बसावे, पाटीपुस्तक हाताळावे. दहा मिनिटांनी सर्वांनी आपापले हात, शेजाऱ्याची वही आणि स्वतःचे गाल पाहावेत. रंग कोठे कोठे पोहोचला, हे मुलेच शोधून सांगतील, आणि ज्याने चरवीस हातही लावला नाही त्याच्या वहीवर तो सापडला की वर्गात मोठी खळबळ उडते. त्यानंतर नुसत्या पाण्याने व साबणाने हात धुवून फरक पाहावा. या प्रयोगाची एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. खडूची भुकटी हात बदलताना कमी कमी होत जाते. विषाणू कातडीत शिरला तर वाढतो.

त्यानंतर जेन्नर व ॲना डस्टहॉल यांची कथा सांगावी. चौथीच्या मुलांना ॲनाची कथा अधिक जवळची वाटते, कारण मुंबई त्यांनी ऐकलेली असते आणि ती मुलगी त्यांच्या धाकट्या बहिणीएवढी होती. पाचवीत पुढे जाऊन प्राण्यांपासून माणसास होणाऱ्या इतर रोगांचाही उल्लेख करता येईल. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज मुलांना ठाऊक असतोच. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला, गोचिडीमार्फत पसरणारा माकडताप २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर आढळला. यांची केवळ ओळख पुरे. सर्व रोगांची यादी पाठ करविण्यात वेळ दवडू नये.

प्रात्यक्षिकाच्या उत्साहात एक चूक होण्याचा संभव आहे. मुलांना नमुना म्हणून म्हशीची खपली शाळेत आणण्यास सांगू नये आणि एखाद्याने कागदात बांधून आणलीच तर ती वर्गात फिरवू नये. नमुने घेण्याचे काम आरोग्य व पशुवैद्यकीय खात्याच्या माणसांचे आहे.

फोड आलेल्या मुलास शाळेत केव्हा घ्यावे, याविषयी शिक्षक विचारतात. फोड ओले असतील व झाकता येत नसतील, तर घरी राहणे बरे. ताप उतरला, फोड कापडाने नीट झाकले आणि डॉक्टरांनी संमती दिली, तर त्यास येऊ द्यावे. मात्र त्याची पाटी, पाणी पिण्याचे भांडे व टॉवेल स्वतंत्र असावेत, आणि खपली पडेपर्यंत कबड्डी-कुस्तीसारख्या अंगलट येणाऱ्या खेळांत त्यास घेऊ नये. खपली आपोआप पडून खाली कोवळी गुलाबी कातडी दिसली, की ही बंधने काढावीत. त्या दिवसांतील गैरहजेरीपुढे ‘आजारी’ असा शेरा मारून त्याखाली ‘हातावर फोड, घरी म्हैस आजारी’ असे बारीक अक्षरात टिपून ठेवावे. आरोग्य सेविका पुढल्या खेपेस शाळेत येईल, तेव्हा तिला ती टीप दाखविता येते.